तोतऱ्याचं पथ्य

डेल्फिनची जीभ लहानपणापासून त्याच्या ताब्यात नव्हती. एरवीही ती अडखळे, पण प, ब, म अशी ओठ मिटून उघडायची अक्षरं आली की चिखलात म्हैस बसावी तशी ती बसायची, आणि मग कितीही हाकला, उठायची नाही. त्यात थोरांशी बोलताना वाक्यावाक्याला आदराचा 'पो' लावायची रीत. त्या एका 'पो'पाशी डेल्फिन असा अडायचा की ऐकणाऱ्याच्या पदरात तीन-चार 'पो' पडायचे. त्यामुळे गावातल्या म्हाताऱ्यांचं त्याच्याविषयी फार चांगलं मत होतं. इतका नम्र पोरगा या किनाऱ्यावर दुसरा नाही, असं त्या एकमेकींना सांगत.

तरी तिशीपर्यंत त्याचं फारसं अडलं नव्हतं, कारण आमच्या बंदरात न बोलता जगण्याच्या दोन जागा आहेत. पहिली मासळीचा लिलाव. इथल्या लिलावात कुणी ओरडत नाही. पाटी समोर आली की घेणारा पुढे होतो, दलालाच्या कानाशी हाताचा आडोसा करतो आणि आपला भाव कुजबुजतो. सगळ्यांचं ऐकून झालं की दलाल एकाकडे बोट करतो, पाटी त्याची. कोण काय बोललं ते त्या कानालाच ठाऊक. दुसरी जागा धक्क्यामागची खानावळ. तिथे पातेली ओळीनं मांडलेली असतात. झाकण उचलायचं आणि हवं त्याच्याकडे बोट दाखवायचं. अशा खानावळीला लोक 'तुरो-तुरो' म्हणतात, म्हणजे 'दाखव, दाखव'.

आता गंमत अशी, की कुजबुजताना डेल्फिन अडत नसे. का, ते कुणाला सांगता आलं नाही, आणि मीही सांगायला जात नाही. आवाज बंद झाला की त्याची जीभ दावं तोडलेल्या वासरासारखी उधळायची. बाकीचे घेणारे दलालाच्या कानात आकडा सांगून बाजूला होत. डेल्फिन आकडा सांगून तिथेच रेंगाळे.

"तातांग, ही कोळंबी बोटीतून आली की पेन्शनीतून?"

"तातांग, सुरमई चांगली आहे, पण तुमच्या शर्टावर छापलेले मासे तिच्याहून ताजे दिसतात."

दिवसभर तोंडात साठलेलं सगळं तो पहाटे त्या कानात ओतून मोकळा व्हायचा. दलाल होता सेवेरो. तातांग म्हणजे आमच्याकडे बापाच्या वयाच्या माणसाला म्हणायचा शब्द. सेवेरो विधुर, उंच, आणि असा मितभाषी, की त्याच्या घरातलं मांजरसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त बोले. डेल्फिन कानाशी आला की तो कानात पाणी गेल्यासारखं तोंड करी. पण भाव बरा असला तर बोट मात्र डेल्फिनकडेच करी. धंदा तो धंदा.

आणि खानावळ होती सेवेरोच्या धाकट्या मुलीची, बेनिल्डाची. रोज पातेल्यांकडे बोट दाखवता दाखवता एके दिवशी डेल्फिनचं बोट पातेल्यांवरून वर गेलं आणि तिच्यावर येऊन थांबलं.

"ते विकायला नाही," बेनिल्डा म्हणाली. पण त्या दिवशी वाटीत तिनं नळीचं हाड जास्तीचं घातलं, आणि डेल्फिनला उत्तर कळलं.

पुढचं सरळ व्हायला हवं होतं. झालं नाही.

"तातांग नाही म्हणतात," एका दुपारी बेनिल्डा भात वाढता वाढता म्हणाली.

"क-का?"

"तू बोलघेवडा आहेस म्हणून."

डेल्फिनला हसू फुटलं आणि हातातला चमचा रश्श्यात बुडाला.

"हसू नकोस. ताईला फसवून गेला तो माणूस आठवतो ना, पाणी गाळायची यंत्रं विकणारा? तोंडात साखर घेऊनच जन्मला होता मेला. आधी तातांगना यंत्र विकलं, मग ताईला मागून नेलं, आणि वर्ष व्हायच्या आत तिला परत आणून सोडलं. यंत्र तर त्याच्याही आधी बिघडलं. तेव्हापासून तातांगनी शपथ घेतलीये, गोडबोल्याला पोरगी द्यायची नाही. आणि तू रोज पहाटे त्यांच्या कानात रेडिओ लावतोस!"

"प-प-पण मला अख्खं गाव उ-उताल म्हणतं!" डेल्फिन म्हणाला. उताल म्हणजे तोतरा.

"तिथेच तर घोटाळा झालाय. तातांग काय म्हणाले माहितीये? म्हणे, डोक्यावर एक केस नसलेल्या न्हाव्याला हे गाव कुरळ्या म्हणतं. धक्क्यावरच्या त्या राक्षसासारख्या हमालाला बेबी म्हणतं. तसाच हा तोतरा. मला काय कळत नाही? मी शपथ घेऊन सांगितलं, की खरंच अडखळतो हो. तर म्हणाले, प्रेमात माणूस आंधळं होतं ऐकलं होतं, तू तर बहिरी झालीस."

आमच्या गावात टोपणनाव उलटं ठेवायची खोड आहे खरी. इतक्या उलट्या नावांत एक सुलट नाव असेल असं सेवेरोच्या मनातही आलं नाही.

"म-मग आता?"

"आता काय? रविवारी तुझ्या तियाला घे आणि आमचा जिना चढ." मुलाकडच्यांनी मुलीच्या घरचा जिना चढून जायचं आणि मागणी घालायची, अशी आमच्याकडची पद्धत आहे. "चारचौघांत मोठ्यानं एक वाक्य बोल. पहिल्याच 'पो'ला तातांग पाघळतील बघ."

डेल्फिन घरी निघाला तो तरंगतच. जन्मभर जी गोष्ट फाटक्या बनियनसारखी शर्टाखाली लपवली, ती आता चारचौघांत मिरवायची होती. फक्त तियाला तेवढं समजावून सांगायचं होतं.

तिया सिद्रा ही त्याची आत्या. आईबापामागे तिनंच त्याला वाढवलं होतं, आणि वाढवता वाढवता त्याची वाक्यं पुरी करायची सवय लावून घेतली होती. वाक्य ती पुरं करायची. बरोबर करायची असं नाही.

"तिया, र-रविवारी बेनिल्डाकडे जि-जिना चढायचाय. प-पण मी त-त-"

"तयारी केली नाहीस! ती मी करते."

"नाही, मी त-तोत-"

"तोतरेपणा! अरे, तोच तर घालवायचाय. कळलं मला सगळं. आधीच तुला बोलता येत नाही, कशाला बोलतोस एवढं?"

तियाचं ठाम मत होतं, की जीभ बिघडते ती पोटामुळे. आणि त्यावर तिच्याकडे पिढीजात औषध होतं: कोंबडीचं ढुंगण. आमच्याकडे मूल बोलायला लागलं नाही की त्याला तोच तुकडा भरवतात, आणि कुणी फार बडबड करू लागला की विचारतात, "काय रे, ढुंगण खाऊन आलास काय?" तिया भावंडांत शेंडेफळ, त्यामुळे तो तुकडा कायम तिच्याच पानात आला होता, आणि गुण सगळ्या गावाला दिसत होता. मयताच्या घरी प्रार्थना सांगायला तिलाच बोलावत. आणि मधे मधे ती मयताविषयी इतकं बोले की त्या बिचाऱ्याला दुसऱ्यांदा मेल्यासारखं व्हावं.

"माझंच चुकलं," ती डेल्फिनला म्हणाली. "लहानपणी तुला मी पंख घातले. पंख खाल्लेलं पोर घर सोडून उडून जातं म्हणतात. तू तर उडालाही नाहीस. वाया गेले."

बाजारात अख्ख्या कोंबड्या भाजून विकणाऱ्याला तिनं गाठलं आणि त्याच्याकडची सगळी ढुंगणं बांधून घेतली. ती तिनं व्हिनेगर-लसणीत शिजवली, काडीला टोचून निखाऱ्यावर भाजली, सकाळच्या पेजेत सोडली. आल्याचा काढा सुरू झाला. कॉफी बंद, कारण तिनं जीभ थरथरते. साखर बंद, कारण तिला मुंग्या लागतात आणि मुंग्या जिभेवर चढल्या तर काय घ्या! एवढ्यावर न थांबता ती डेल्फिनला धरून आरोग्य केंद्रात घेऊन गेली.

तिथली नर्स एर्लिंडा शहाणी बाई होती. ती म्हणाली, "हातसडीच्या लाल तांदळात एक जीवनसत्त्व असतं, नसांना बरं. तोतरेपणात त्याचा उपयोग झाला असं कुणी म्हणतं, झाला नाही असंही म्हणतात. मी छातीठोक सांगणार नाही. पण खाऊ दे. जीभ मोकळी झाली नाही तरी पोट मोकळं होईल."

"आणि ढुंगणाचं?"

"काय?"

"कोंबडीच्या, कोंबडीच्या!"

"ते बेतानं," नर्स ओठ चावत म्हणाली. "चरबी असते फार."

तियानं या सगळ्यातलं 'उपयोग झाला' एवढंच ऐकलं. घरात लाल भात आला.

डेल्फिननं तीनदा सांगायचा प्रयत्न केला, की तिया, मला बरं व्हायचंच नाहीये, निदान रविवारपर्यंत तरी नको. पहिल्यांदा तियानं वाक्य पुरं केलं ते "बरं वाटतंय!" असं. दुसऱ्यांदा "बटाटे हवेत!" असं. तिसऱ्यांदा तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, तर तिला वाटलं पोरगा गहिवरला. मग त्यानं वेगळी वाट धरली. तियाची पाठ वळली की पानातली ढुंगणं खिडकीतून खाली शेजाऱ्यांच्या कुत्र्याला टाकायची. कुत्रं म्हातारं होतं, गरीब होतं; चोर आला तरी शेपूट हलवून वाट दाखवायचं. गुरुवारपासून ते भुंकायला लागलं. शुक्रवारी दिवसभर भुंकलं. शनिवारी शेजारी येऊन तियाला म्हणाला, "याला काय झालंय कळत नाही, उंबऱ्यावर बसून माझ्याशी बोलल्यासारखं करतंय."

डेल्फिन पांढराफटक पडला. औषध लागू पडत होतं! आणि सुरुवातीच्या दोन दिवसांत त्यानं स्वतः चांगली सात-आठ काड्या खाल्ल्या होत्या. आरशासमोर उभा राहून तो हळूच म्हणाला, "प-प-पाणी." हायसं वाटलं. त्या दिवशी मग तो जेवलाच नाही.

रविवारी दुपारी दोघं जिना चढले. पुढे तिया, हातात दोन पातेली. एकात चिकट भाताचा गोड केक होता. दुसऱ्यात, ऐन वेळी जीभ अडलीच तर असावीत म्हणून, व्हिनेगर-लसणीतली ढुंगणं.

सेवेरो खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसला होता. बेनिल्डा स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती. तिनं डेल्फिनला डोळा मारला. तियानं बसायच्या आधीच सुरुवात केली. डेल्फिनचे आजोबा, त्यांची होडी, आजोबांचं आणि सेवेरोच्या चुलत्याचं झालेलं भांडण, ते कसं मिटलं, मिटलं नसतं तर काय झालं असतं, असं करत ती डेल्फिनच्या बारशापर्यंत आली तेव्हा सेवेरोनं हात वर केला.

"मुलाला बोलू दे," तो म्हणाला. "त्याचं तोंड मला जरा लांबून ऐकायचंय."

डेल्फिन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बोलायची भीती वाटत नव्हती. अडू दे, जितकी अडेल तितकी बरी. मांडव बांधला जाईल तो या अडण्यावरच. त्यानं छाती भरून श्वास घेतला, ठेच लागायच्या दगडावर मुद्दाम पाय टाकावा तसा पहिला शब्द टाकला, आणि दगड तिथे नव्हताच.

"तातांग, माझं नाव डेल्फिन पो. मी तुमच्या बेनिल्डाला मागणी घालायला आलोय पो. मला तिच्याशी लग्न करायची परवानगी द्यावी पो."

तेल लावलेल्या बांगड्यासारखं सुळकन सगळं बाहेर आलं. कोण बोललं ते बघायला डेल्फिननं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. घाबरून तो अडायला शब्द शोधू लागला.

"म्हणजे पो, बंदर, पाटी, पापलेट, बांगडा, मुशी, मासळी, माझी म्हातारी आत्या पो," तो म्हणाला. एकही अडला नाही.

तियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं छातीवर क्रूस काढला. "ढुंगणांनी केलं! सांता मारिया, ढुंगणांनी करून दाखवलं!"

"ऐकलंस, बेनिल्डा?" सेवेरो म्हणाला. "तोतरा म्हणे! कानात बोलला काय, लांबून बोलला काय, रेडिओ तो रेडिओच. जेवून जा तुम्ही. पोरगी मिळायची नाही."

"मिळायची नाही?" तिया उसळली. "एवढं स्वच्छ बोलला तो!"

"म्हणूनच."

"म्हणजे तोतरा असता तर दिली असती?"

"हो."

तिया सिद्रानं तिथल्या तिथे पगडी फिरवली.

"मग तोतराच आहे तो! कालपर्यंत होता! गावाला विचारा!"

"मघाशी बरा झाला म्हणालीस."

"मी मेली काहीही बोलते! माझं कोण ऐकतं?"

सेवेरो उठला. बोलणं संपलं होतं. डेल्फिननं दाराकडे पाहिलं. बेनिल्डाच्या हातातली पळी खाली आली होती, आणि डोळ्यांतली खट्याळ चमक विझली होती. ती आता आत जाईल, पातेल्यांवर झाकणं ठेवेल, उद्या खानावळीत मान वर करणार नाही. आणि तो जन्मभर पातेल्यांकडे बोट दाखवत राहील. डेल्फिनला तिचं नाव घ्यायचं होतं. नुसतं नाव. त्यानं ओठ मिटले ते मिटलेच राहिले.

मानेच्या शिरा ताठ झाल्या. पापण्या गच्च मिटल्या.

"ब," डेल्फिन म्हणाला. "ब-ब-"

"बसायचंय त्याला," तिया म्हणाली.

"तिया, गप्प बसा!" बेनिल्डा पळी उगारून म्हणाली. "त्याचं त्याला बोलू द्या."

सेवेरो जाता जाता थांबला होता. नाटक असेल, त्याच्या मनात आलं. हे गोडबोले वेळ पडली तर रडूनही दाखवतात. खरं-खोटं पारखायला त्याच्याकडे एकच हत्यार होतं. तो जवळ आला, वाकला आणि त्यानं आपला उजवा कान डेल्फिनच्या तोंडाशी नेला.

डेल्फिनचा हात सवयीनं वर गेला, आडोसा करायला. कान समोर होता, रोजचा, ओळखीचा. आवाज काढून घेतला की झालं. सगळं कसं अलगद बाहेर पडलं असतं, वर एखादी कोटीसुद्धा सुचली असती. त्यानं हात खाली घेतला.

"ब-ब-ब-बेनिल्डा," तो त्या कानात मोठ्यानं म्हणाला, "म-म-मला प-पाहिजे. पो-पो-पो-पो."

सेवेरोनं कान पुसला. बराच ओला झाला होता.

"तू खरंच तोतरा आहेस?"

"ह-हो पो-पो."

"मग रोज पहाटे माझ्या कानात ते कोण बोलतं?"

"म-मीच. त-तिथे मला ब-ब-बरं वाटतं."

सेवेरो परत खुर्चीत जाऊन बसला. इतकी वर्षं त्या कानात लोकांनी आकडे टाकले होते, थापा टाकल्या होत्या, कांद्याचा वास सोडला होता. तिथे कुणाला बरं वाटतं, हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं कान चोळला. मग धक्क्यावर बघावं तसं त्यानं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, तियावरून, बेनिल्डावरून, आणि हात उचलून डेल्फिनकडे बोट केलं.

धक्क्यावर त्या बोटाला कुणी पुन्हा विचारत नाही. बेनिल्डा पळीसकट आत पळाली आणि आतून पातेली आपटल्याचा मोठा आनंदी आवाज आला.

"आता याला पुन्हा औषध द्यायचं नाही," सेवेरो तियाला म्हणाला.

"नाही देणार हो. पण गुण आला होता की नाही, तुम्हीच सांगा!"

जेवणं सुरू झाली. मानाचा म्हणून पहिला वाडगा तियानं सेवेरोसमोर ठेवला. गडबडीत तो कुठल्या पातेल्यातला, ते कुणी पाहिलं नाही. सेवेरोनं एक तुकडा खाल्ला. व्हिनेगर बरं मुरलं होतं. त्यानं दुसरा घेतला. पाचव्या-सहाव्या तुकड्याला तो आपणहून म्हणाला, "माझा बाप फार चांगला पोहायचा." मग बापाची होडी निघाली, होडीतलं वादळ निघालं, वादळात सापडलेला एक चिनी स्वयंपाकी निघाला, आणि तो स्वयंपाकी काही केल्या किनाऱ्याला लागेना. गोड केक कापून झाला तरी सेवेरो बोलतच होता, आणि बोलता बोलता पातेल्यातून वाडगा पुन्हा पुन्हा भरून घेत होता.

"तिया," बेनिल्डा दातांतल्या दातांत म्हणाली, "ते पातेलं उचला आधी."

"राहू दे गं. लग्नात भाषण कोण करणार मग?"

बेनिल्डानं डेल्फिनला कोपरानं ढोसलं. डेल्फिननं मान लांब करून पातेल्यात पाहिलं, मग तिला दिसेल असं त्याच्याकडे बोट दाखवलं. ते रिकामं होतं.